नदीसुद्धा वारी करते
(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात व्यवस्थापक मंडळींच्या वतीनं केलेलं भाषण)





आम्ही काही प्रवचनकार नाही. सामान मोजणारी, मुक्कामाची जागा बघणारी, हिशेब ठेवणारी आम्ही माणसं. तेव्हा अधिकाराबाहेरचं काही सांगणार नाही. हिशेबाचंच बोलणार आहोत.

शताब्दीच्या निमित्तानं आम्हा चार-पाच जणांवर एक काम आलं. दिंडीच्या जुन्या वह्या काढायच्या आणि शंभर वर्षांच्या जमाखर्चाचा गोषवारा करायचा. वह्या पत्र्याच्या पेटीत होत्या. काहींना वाळवी लागलेली, काहींची शाई उडालेली. पण वाचता आलं तेवढं वाचलं. सुरुवातीच्या वह्यांत खर्च काय? पीठ, डाळ, मीठ-मिरची, गूळ. बैलांना कडबा आणि पेंड. गाडीच्या चाकाला वंगण. कंदिलाला रॉकेल. पखवाजाला शाई आणि वादी. झालं.

वाचता वाचता आमच्यातल्या एकानं विचारलं, "यात पाणी कुठं आहे?" मग आम्ही मुद्दाम शोधलं. पाण्याचा खर्च नाही. सरपणाचा नाही. पत्रावळींचा नाही. सावलीचा तर नाहीच. या चार गोष्टींशिवाय वारी होत नाही, पण त्यांची वहीत नोंद नाही. कारण त्या वाटेवर मिळत होत्या. आज यातली एकही गोष्ट फुकट मिळत नाही. चारही वहीत आल्या, एकेक करून आल्या. त्या कशा आल्या, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. जुना काळ म्हणजे सगळं हिरवंगार आणि आबादीआबाद होतं, असं आम्हाला म्हणायचं नाही. आपल्या संतांनी निसर्गाचं दोन्ही रूप पाहिलं. 1630 च्या दुष्काळात तुकोबारायांच्या घरातली माणसं गेली, दुकान बसलं. त्या आधीचा दुर्गादेवीचा दुष्काळ लोक पिढ्यान् पिढ्या विसरले नाहीत. पाऊस गेला की माणूस संपला, अशी ती गत होती. तरी त्याच तुकोबारायांनी भंडाऱ्याच्या आणि भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन रानातल्या झाडापाखरांशी नातं सांगितलं. अरणच्या सावता महाराजांनी मळा सोडला नाही, भाजीच्या वाफ्यात त्यांना देव दिसला. धाक होता आणि नातंही होतं. ज्याच्यावाचून चालत नाही त्याचा मान राखायचा, ही ती रीत.

वारीची वेळसुद्धा शेतीनं ठरवलेली. मृगाचा पाऊस पडला, पेरणी उरकली, पीक उगवून येईपर्यंत हाताला उसंत मिळाली की माणूस निघाला. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, ते आपण सगळे दरवर्षी बघतो. ते नुसतं कौतुक नाही. मेंढपाळ शेतात मेंढरं बसवायचा, शेताला खत मिळायचं, त्याला धान्य मिळायचं. माणूस, जनावर आणि जमीन यांचा तो करार होता. पालखीभोवती मेंढ्या फिरतात तेव्हा तो करार देवासमोर मांडला जातो, असं आम्ही समजतो.

आता पत्रावळी. आमच्या जुन्या माणसांच्या सांगण्याप्रमाणं मुक्कामाला पोचलं की दोघं-तिघं पळसाची किंवा वडाची पानं आणायची, बायका बसल्या बसल्या काड्या टोचून पत्रावळी लावायच्या. जेवण झालं की उष्टी पत्रावळ गाईपुढं नाहीतर उकिरड्यात. दुसऱ्या वर्षी त्याच उकिरड्याचं खत शेतात गेलेलं. मागं काही उरत नव्हतं. पुढं विकतच्या पत्रावळी आल्या, त्याही पानांच्याच. मग कागदी, त्यावर चकाकणारा पातळ थर दिलेल्या. मग थर्माकोलच्या. आम्हाला बरं वाटलं. हलक्या, स्वस्त, टेम्पोत हजारानं मावतात. आमची सवय जुनीच होती, जेवलं की टाकून द्यायचं. टाकायची वस्तू मात्र बदलली होती. सवय तीच आणि वस्तू नवी, इथं घोटाळा झाला.

दुसरं सरपण. वाटेवरच्या बाभळी, तुराट्या, शेणी यांवर स्वयंपाक व्हायचा. माणसं थोडी होती तोवर रानाला ते झेपलं. माणसं वाढली तशी वाटेवरची झुडपं बोडकी झाली. तेव्हा गॅसची शेगडी आली हे चांगलंच झालं, ते कबूल केलं पाहिजे. नवं ते सगळं वाईट, असा आमचा सूर नाही.

तिसरं पाणी. इथं जरा थांबावं लागेल.

इंग्रजांच्या काळात 1876-77 चा मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर 1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. भाटघरचं मोठं धरण 1928 साली पुरं झालं, म्हणजे आपली दिंडी पाळण्यात होती त्या वेळी. पाणी उन्हाळ्यातसुद्धा शिवारात फिरू लागलं. आपण अकलूजहून पुढं निघालो की माळीनगर लागतं, तिथं उभं रिंगण होतं. ते माळीनगर कसं वसलं? सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याच्या पाण्याच्या आशेनं इकडं आले, ऊस लावला आणि 1932 साली स्वतःचा साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांनी ओसाड माळाचा मळा केला. याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे.

पण या पट्ट्यात, बारामती, इंदापूर, माळशिरस या तालुक्यांत, पाऊस वर्षाला साधारण 500 ते 600 मिलीमीटर. उसाला त्याच्या तिप्पट तरी पाणी लागतं. जे आभाळातून येत नाही ते कालव्यातून किंवा जमिनीच्या पोटातून आणावं लागतं. 1972 चा दुष्काळ पडला. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या आईबापांनी तेव्हा रस्त्यावर खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली. सुकडी खाऊन माणसं जगली. 1630 सारखी गावंच्या गावं ओस पडली नाहीत, हा फार मोठा फरक. पण त्याच सुमारापासून बोअर घ्यायची चाल पडली. विहिरीत डोकावलं की पाणी किती खाली गेलं ते दिसायचं. बोअरमध्ये काही दिसत नाही. न दिसणारी वस्तू माणूस बिनघोर वापरतो.

आमच्या वहीत "पाणी" हा शब्द खर्चाच्या बाजूला पहिल्यांदा येतो तो बहात्तरनंतर. टँकरचं भाडं. पहिली काही वर्षं ते "अडचणीचा खर्च" म्हणून वेगळं लिहिलेलं आहे. पुढं ते रोजच्या खर्चात आलं. त्याच्याही पुढं "पाण्याच्या बाटल्या" आल्या. ज्या वाटेवर दारादारात रांजण भरून ठेवलेले असायचे, त्या वाटेवर आम्ही बाटलीतलं पाणी विकत घेऊन चाललो.

जुनं पाणी सगळं अमृत होतं असंही नाही. पंढरपुरात यात्रेच्या वेळी पटकीची साथ यायची. गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसायची. पुढं कॉलऱ्याची लस टोचल्याचा दाखला असल्याशिवाय यात्रेला सोडत नसत. लस, नळाचं पाणी, औषध टाकलेला टँकर यांनी किती वारकऱ्यांचे जीव वाचवले त्याची मोजदाद नाही. हा उपकार विसरून चालणार नाही.

चौथी सावली. देहूपासून वाखरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वड, चिंच, लिंब अशी जुनी झाडं होती. कुठल्या झाडाखाली दुपारचा विसावा घ्यायचा हे ठरलेलं असायचं. काही झाडांना तर आमच्या म्हाताऱ्यांनी नावं ठेवली होती. आता पालखी मार्ग रुंद झाला. 8 नोव्हेंबर 2021 ला त्याच्या कामाचा शुभारंभ झाला. चालायला जागा झाली, वाहनांचा धोका कमी झाला, हे चांगलं. पण रुंदीकरणात झाडं गेली. नवी लावली आहेत, ती वाढतील तेव्हा वाढतील. तोवर तापलेल्या काँक्रीटवरून चालणाऱ्या म्हाताऱ्या माउलीला विचारा सावली म्हणजे काय. वहीत "मंडप भाडे, दुपारच्या विसाव्यासाठी" हा रकाना आला आहे.

अशा चारही गोष्टी वहीत आल्या. पण आणखी एक नोंद आहे, आणि ती वाचून दाखवावी की नाही यावर आमच्यात दोन बैठका झाल्या. शताब्दीच्या ग्रंथात दिंडीची उणी बाजू कशाला, असं काहींचं म्हणणं. शेवटी ठरलं की वारकऱ्यानं लपवायचं नाही. नोंद अशी आहे: "गाय मेली, शेतकऱ्यास दिले." पुढं रक्कम आहे.

झालं असं. एका गावी एका शेतकऱ्याच्या रानात आपला मुक्काम असायचा. त्याच्या आजोबापासूनची रीत. वारकरी उतरले की रान पवित्र झालं असं ते घर मानायचं. एका वर्षी आपण पहाटे निघालो, मागं उष्ट्या पत्रावळी, पिशव्या, ग्लास तसेच पडले. त्याची गाय त्यात चरली. भाताचा वास लागलेल्या पिशव्या तिनं गिळल्या. काही आठवड्यांनी ती गेली. पोटातून काय निघालं ते त्यानं आम्हाला फोन करून सांगितलं. रागावला नाही. पैसे द्यायला आमची माणसं गेली तर घेईना, आम्ही बळंच ठेवले. पुढच्या वर्षी मुक्कामासाठी विचारायला गेलो तेव्हा त्याची म्हातारी आई ओसरीवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "माउली, आमचं कायबी म्हणणं न्हाई. पर औंदा दुसरीकडं बघा."

शंभर वर्षांत दिंडीला कुणी जागा नाकारली नव्हती. दुष्काळात नाही, साथीत नाही. त्या म्हातारीनं नाकारली. आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही जरा डोळे उघडून चालू लागलो. आणि चालता चालता एक गोष्ट ध्यानात आली. इतकी वर्षं वाट तुडवली, पण कधी असा विचार केला नव्हता. आपण देहूहून निघतो तेव्हा इंद्रायणीही देहूहून पुढं निघते. ती आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. आकुर्डीहून पुण्याकडं येताना पवनेचा मुलूख लागतो, पवना मुळेला मिळते. पुण्यात मुळा-मुठा एक होतात, लोणी काळभोरपर्यंत त्या आपल्या डाव्या हाताला असतात आणि पुढं भीमेलाच मिळतात. बारामतीला कऱ्हा लागते, ती नीरेला मिळते. सराटीला आपण तुकोबारायांच्या पादुकांना नीरा स्नान घालतो, ती नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते. आणि भीमा जाते पंढरपूरला, चंद्रभागा होऊन.

म्हणजे वाटेवरची एकूण एक नदी पंढरीलाच चालली आहे. आपण रस्त्यानं जातो, ती उतारानं जाते. नदीसुद्धा वारी करते. आणि तिच्या खांद्यावरचं ओझं आपलं आहे. देहूत जे पाण्यात टाकलं, पुण्याच्या गटारातून जे सुटलं, त्यातलं काही ना काही तिच्याबरोबर पंढरीची वाट धरतं. मग आषाढीला चंद्रभागेत उभं राहून आपण ओंजळीत घेतो, डोळ्याला लावतो, ते काय असतं?

मधे उजनी आहे. 1980 साली ते धरण पुरं झालं. 117 टीएमसी पाणी धरणारं हे धरण सोलापूर जिल्ह्याचा आधार आहे. त्यासाठी भीमाकाठची गावं उठली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी आटलं की ते वर येतं. आपल्या दिंडीतल्या काही घराण्यांची मूळ गावं त्या पाण्याखाली आहेत, ती माणसं बॅकवॉटरकडं बघून हात जोडतात. वरच्या सगळ्या शहरांचा मैला, कारखान्यांचं पाणी, शेतातून धुपलेलं खत या जलाशयात येऊन साचतं. पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते. आणि पंढरपुरात आता चंद्रभागा आपली आपण वाहत नाही. आषाढीच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडावं लागतं. नदीला वारीला यायला परवानगी लागते, असा हा काळ आहे.

ज्या वाळवंटात नामदेवरायांनी कीर्तन केलं, त्याची वाळूही कमी झाली. पूर्वी वाळूत हातानं झिरा उकरला की गाळलेलं स्वच्छ पाणी लागायचं. ती वाळू बांधकामाला गेली. आपली घरं, आपल्या धर्मशाळा, कदाचित आपल्या दिंडीचा मठसुद्धा त्याच वाळूचा. जिथं वाळू होती तिथं खड्डे आणि चिखल राहिला.

बैठकीत एका ज्येष्ठ माउलींनी आम्हाला टोकलं. म्हणाले, "तीर्थ कधी विटाळतं का? चंद्रभागेत पाप बुडतं, तिथं तुमचा कचरा किती?" त्यांचा भाव आम्हाला मान्य आहे. आम्हीही त्याच भावानं बुडी मारतो. पण आम्ही त्यांना नम्रपणे एवढंच म्हणालो की आई विटाळत नाही हे खरं, पण आई आजारी पडते. आजारी आईच्या पाया पडून औषध न देणारा मुलगा कसला? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुकोबांच्या वह्या तेरा दिवस त्या पाण्यात राहिल्या आणि कोरड्या निघाल्या. आज काय होईल रे?" त्यांच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही.

तुकोबारायांनी इंद्रायणीत आणखी एक गोष्ट बुडवली अशी परंपरा सांगते. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद. आपल्या वाट्याची खतं त्यांनी पाण्यात सोडली, लोकांना मोकळं केलं. त्यांनी आपलं घेणं बुडवलं. आपण बुडवतो आहोत ते आपलं देणं.

यावर कुणी म्हणेल, शहरांचं सांडपाणी कुठं आणि आमच्या चारशे पत्रावळी कुठं? बरोबर आहे. शहरांच्या मैल्यापुढं दिंडीचा कचरा काहीच नाही. पण त्या शहरांत राहतं कोण? आपलीच मुलं पिंपरी-चिंचवडला कारखान्यात आहेत, पुण्यात फ्लॅट घेऊन आहेत. 2020 आणि 2021 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपण घरात बसून रडलो. पण त्या दोन्ही वर्षी आपल्या घरांच्या मोऱ्यांचं पाणी वारी करतच होतं. म्हणून गावोगावच्या वारकऱ्यांनी सांडपाण्याचा प्रश्न आपापल्या नगरपालिकेत, ग्रामसभेत विचारला पाहिजे. टाळ वाजवणाऱ्या हाताला अर्ज लिहायलाही आलं पाहिजे. ऊसवाल्या शेतकऱ्यांना ऊस सोडा असं सांगायचा आम्हाला अधिकार नाही, आमच्यातच ऊसवाले आहेत. पण पाट सोडून ठिबक करा, एवढं त्यांना घरचा माणूस म्हणून सांगू.

बदल होत नाही असंही नाही. वाळवंटातल्या राहुट्या हलल्या, पलीकडं पासष्ट एकरात तळ पडला. सुरुवातीला कुरकुर झाली, आज कुणाला त्याचं काही वाटत नाही. निर्मल वारीची फिरती शौचालयं आली, तेव्हाही लाजलो, आता रांग लावतो. वारकरी शिस्तीचा माणूस आहे. चोपदारानं दंड वर केला की हजारो माणसं गप्प होतात. तो दंड या कामासाठी एकदा वर व्हायला हवा.

म्हणून शताब्दीच्या वर्षी दिंडीनं काही नेम ठरवले आहेत. येत्या वारीपासून प्रत्येकानं आपलं ताट, वाटी, तांब्या बरोबर आणायचा. दिंडीच्या पैशानं पत्रावळ आणि बाटली घेतली जाणार नाही. टँकरला तोट्या बसवल्या आहेत, तांब्या भरून घ्यायचा. इंद्रायणीत, नीरेत, चंद्रभागेत स्नान करायचं, साबण लावायचा नाही, जुनी वस्त्रं आणि निर्माल्य सोडायचं नाही. मुक्काम हलल्यावर दहा जणांची तुकडी तासभर मागं थांबेल, रान हातानं वेचेल आणि शेतकऱ्याला दाखवून मगच निघेल. या तुकडीत आळीपाळीनं सगळे, विणेकऱ्यांपासून आम्हा हिशेबवाल्यांपर्यंत. आणि जिथं पाणी घालायला माणूस तयार आहे, तिथंच झाड लावायचं. फोटोपुरतं झाड लावायचं नाही.

यातला मागं थांबायचा नेम आम्ही गेल्या वारीत करून पाहिला. त्याच गावात, त्याच म्हातारीच्या घराजवळ, दुसऱ्याच्या रानात आपण उतरलो होतो. पहाटे दिंडी गेली, दहा जण मागं राहिले. उजाडलं तेव्हा ती काठी टेकत बांधापर्यंत आली. रानभर नजर फिरवली. काही बोलली नाही. घरात गेली आणि कळशी घेऊन बाहेर आली. दहाही जणांना तिनं स्वतःच्या हातानं पाणी वाढलं.

त्या पाण्याचा खर्च वहीत लिहिलेला नाही. तो रकाना आम्ही मुद्दाम कोरा ठेवला आहे. पुढच्या शंभर वर्षांत तो असाच कोरा राहावा, पाणी पुन्हा वाटेवर मिळावं, सावली पुन्हा वाटेवर मिळावी, आणि आपल्या आधी पंढरीला पोचणारी नदी स्वच्छ अंगानं पोचावी, एवढं मागणं पांडुरंगाच्या चरणी घालतो आणि आपली रजा घेतो.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.